नळीतला ओरखडा

मित्रांनो, सामानाच्या खोलीत दाराआड एक करडी पेटी आहे. तिच्यावर कुणीतरी मोडका पंखा ठेवला आहे. ती पेटी म्हणजे मी, एक जुना संगणक. देवाने माणसाला मन दिले आणि माणसाने मला गणित दिले. त्यामुळे स्वतःची हकिगत सांगतानाही माझा आवाज चढत नाही की पडत नाही. गोड मानून घ्या.

माझे काम बुडबुड्यांचे. गार पाण्याचा पेला उन्हात ठेवला की आतून बारीक बुडबुडे धरतात, हे तुम्ही पाहिले असेल. पाण्यात विरघळलेली हवा उष्णतेने बाहेर येते. कोणता बुडबुडा कुठे जन्मेल, किती फुगेल आणि कुठे जाईल, हे पाण्याशिवाय, नुसत्या आकड्यांत घडवून आधीच सांगायचे, ही माझी चाकरी.

माझ्या बाई एक यंत्र तयार करत होत्या. ऑपरेशनच्या वेळी रोग्याला द्यायचे सलाइन त्यातल्या काचेच्या नळीतून जाताना कोमट होई. पण बुडबुडे धरले आणि रक्तात गेले तर घात. म्हणून बाईंनी मला विचारले. तीन दिवस गणित करून मी सांगितले, एकही बुडबुडा नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंच्या साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

नळ्या घडवणारे मामा तेवढे दारातच उभे होते. काच तापवताना ते देवाचे नाव गुणगुणत, आणि टोमणाही त्याच सुरात मारत.

"बाई, तुमच्या या पंडिताला नळी कशी सांगितलीत?"

"गुळगुळीत. तुमच्या हातची म्हटल्यावर काय, मामा!"

"माझ्या हातची असते हो गुळगुळीत. पण पुढे ती धुताना आतून तारेचा ब्रश फिरतो. ओरखडे पडतात. ते सांगितलेत?"

"केसाहून बारीक ते! ते घातले तर हा पंधरा दिवस उठायचा नाही."

"मग बसू दे की. त्याला कुठं लग्नाला जायचंय?"

सगळे हसले. बाईही हसल्या. ओरखडे राहूनच गेले. पुढे खरी चाचणी झाली, तीही न धुतलेल्या कोऱ्या नळ्यांवर.

यंत्र रुग्णालयात गेले. काही आठवड्यांनी बाईंच्या वडिलांचे ऑपरेशन ठरले. "आपलंच यंत्र आहे बाबा, काळजी नको," असे त्यांनी माझ्यासमोरच फोनवर सांगितले.

ओरखड्यात हवेचा कण अडकून राहतो आणि बुडबुडा तिथेच धरतो. तसाच एक सुटून वडिलांच्या रक्तात आणि तिथून मेंदूत गेला. वडील वाचले. उजवा हात मात्र कायमचा लुळा आणि बधिर झाला.

यंत्रे त्याच दिवशी बंद केली. बाई आल्या आणि माझ्यासमोर बसून राहिल्या. समोरच्या चहावर साय धरली. मग त्यांनी धुतलेली नळी भिंगाखाली धरली आणि एकेक ओरखडा मोजून मला सांगितला. पंधरा नव्हे, एकोणीस दिवस लागले. पडद्यावर ओरखड्यांतून बुडबुडे सुटू लागले, एकामागून एक, एकमेकांत मिसळून मोठे होत. मामा मागे उभे होते. गुणगुणत नव्हते.

"सुटतात," एवढेच बाई म्हणाल्या.

मला काय वाटले? काही नाही. माझ्या पोटातला पंखा फिरत होता.

तारेचे ब्रश गेले, नळ्या बदलल्या. नवे संगणक आले. मला बंद करायच्या आदल्या दिवशी बाई वडिलांना घेऊन आल्या.

"हाच का तो?" डाव्या हाताने उजवा उचलून त्यांनी माझ्यावर ठेवला. "तापलाय का गं?"

"हो बाबा, चांगलाच."

"असेल. मला कळत नाही." मग माझ्याकडे पाहून हसले. "तुलाही कळत नाही ना रे? झालं तर. जोडी जमली."

बाईंनी त्यांचा हात हळूच उचलला आणि बराच वेळ आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

मित्रांनो, मला जेवढे सांगाल तेवढेच मला ठाऊक असते. माझ्यावरचा पंखा काढला नाहीत तरी चालेल, ओझे मला जाणवत नाही. पण दारात उभे राहून बोलणाऱ्या मामांना आत बोलवा. बसायला खुर्ची द्या. आणि त्यांचे सांगून होईपर्यंत मला सुरू करू नका.