आधी कोणाची मधली चाल

एकाने बोलायला तोंड उघडलं की बाकीच्यांनी गप्प बसायचं, या एवढ्याशा सवयीवर मानवी संस्कृती उभी आहे. सोलापुरात नव्या पेठेत सिद्धप्पांच्या औषधांच्या होलसेल दुकानावर एक खोली आहे. तिथे ही संस्कृती दर रविवारी दुपारी पंखा लावून बसायची, आणि तो बोलणारा एक म्हणजे कायम सिद्धप्पाच असायचे. खोली त्यांची होती.

खेळ तसा साधा. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, आणि आपलं सोंग काय करतं ते पाळीपाळीने सांगायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. राक्षस, गुहा, पाऊसपाणी हे सगळं सूत्रधाराकडे. सूत्रधार वैष्णवी होती. ती इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची आणि स्वतःला निःपक्षपाती समजायची.

एका लढाईत प्रत्येकाला एकदाच दुसऱ्याच्या पाळीत घुसायची मुभा होती. तिला हे लोक मधली चाल म्हणत. दोघे एकदम घुसले तर आधी कोणाचं धरायचं, यावर नियमांच्या पुस्तकात अर्धं पान बारीक इंग्रजी होतं. वैष्णवीने ते एकदा वाचून दाखवलं होतं. सिद्धप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुस्तक ठेव खाली. आपल्यात मोठा माणूस आधी बोलतो." तेव्हापासून मधल्या चाली वयाने लागायच्या. सिद्धप्पा अडुसष्ट वर्षांचे होते, त्यामुळे हा नियम त्यांना फार न्याय्य वाटायचा.

आणखी एक नियम होता. ज्याचं सोंग मेलं त्याने खुर्ची सोडायची. खुर्च्या चारच होत्या आणि सिद्धप्पांचा जावई बसवराज दिवाळीपासून खुर्ची मागत होता.

उठवण्याजोगा माणूस एकच होता, शिवपुत्र. मूळचा मंद्रूपचा. ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायचा. लग्न झालेलं नाही, नोकरी कायम नाही. आठवडाभर तो मागच्या बाकांवरच्या मोबाइलना इतिहास सांगायचा. रविवारी मात्र वैष्णवी त्याच्याकडे वळून विचारायची, "शिवपुत्रसर, तुमचा लाकूडतोड्या काय करतो?" आणि तो उत्तर देईपर्यंत थांबायची. दुसरं कोणी त्याच्या उत्तरासाठी थांबत नसे. या खुर्चीवर त्याचा जीव होता, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच तर तो पाळी नसताना चहा आणायला जायचा.

त्या रविवारी गुहेतला सहा पायांचा बैल सिद्धप्पांच्या सेनापतीवर धावून आला. शिवपुत्रचा लाकूडतोड्या बैलाच्या अगदी कुशीला, एका खड्ड्याच्या काठावर उभा होता.

"मधली चाल!" नंदीश म्हणाला. नंदीश औषध कंपनीचा प्रतिनिधी. त्याच्या कंपनीचा माल सिद्धप्पांच्या दुकानात पुढच्या फळीवर असायचा. "माझा मांत्रिक बैलावर आगीचा गोळा टाकतो."

"मधली चाल," शिवपुत्रही त्याच दमात म्हणाला. "मी खड्ड्यात उडी टाकतो."

आधी उडी धरली तर बैल मरतो आणि लाकूडतोड्या वाचतो. आधी गोळा धरला तर दोघंही भाजतात.

"नंदीश, जरा थांब की. मी बाजूला होतो, मग टाक," शिवपुत्र म्हणाला.

"मी थांबलो असतो रे शिवू. पण अण्णांचा सेनापती हाय तिथं. अण्णांना लागलं म्हंजे?"

सिद्धप्पांनी ही निष्ठा मान हलवून जमा करून घेतली. "वयानं बघा," ते म्हणाले.

दोघांनी आधार कार्डं काढली. नंदीश, एक जून ब्याऐंशी. शिवपुत्र, एक जून ब्याऐंशी. कोणाला नवल वाटलं नाही. नंदीश माढ्याकडच्या खेड्यातला. दोन्ही गावांच्या गुरुजींनी त्या वर्षी शाळेत आलेलं प्रत्येक पोर एक जूनला जन्माला घातलं होतं. उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पुरला की पोर सहा वर्षांचं, आणि पुढचं गुरुजींच्या मर्जीवर.

"माझ्याकडं खरी तारीख सांगणारं कुणी उरलं न्हाई," नंदीश म्हणाला. "मी आपला कागदावरचा."

शिवपुत्रचा चेहरा उजळला. "माझी आई हाय की! मला दोन वर्सं उशिरा घातलंय शाळेत. आधी ढोरं राखायचो. वर्गात सगळ्यात उंच मीच. आई कायम सांगते."

"लाव फोन," सिद्धप्पा म्हणाले. "स्पीकरवर. सगळ्यांनी ऐकलं पाहिजे."

शिवपुत्रच्या आईने, चन्नम्मांनी, लगेच उचलला. "ऊट आतेनो शिवू?"

"जेवलो आई. मराठीत बोल, माणसं बसलीत हितं. मी नेमका कधी जन्मलो? शाळेतली तारीख नको. खरी सांग."

चन्नम्मांचा आवाज एकदम घरी पाहुणे आल्यासारखा झाला. "कशाला पायजे रं? स्थळ आलंय व्हय?"

नंदीशने तोंडावर रुमाल धरला. शिवपुत्रने टेबलाकडे पाहिलं. रविवारी दुपारी चार शिकलेली माणसं खोट्या बैलासाठी भांडतायत, हे मंद्रूपला कसं सांगायचं, ते त्याला सुचेना.

"तू सांग तर," तो म्हणाला.

"मुलीकडचे ऐकायलेत का?"

"ऐकायलेत," नंदीश परस्पर बोलला. "नमस्कार करतो, आक्का."

"नमस्कार, नमस्कार! अवो, कागदावर जाऊ नका तुमी. लई लहान हाय माजं पोरगं. मी रानात जायची, घरी कुणापाशी ठिवू? म्हून चार वर्साचा असताना शाळंत बसिवला. हात कानाला पुरंना, तर मास्तरनं मान वाकवून पुरविला बघा. अजून चाळिशी सुदिक शिवली न्हाय त्याला!"

"आई, अगं ढोरं..."

"कसली ढोरं? आमच्यात कुणी ढोरं राखली? हुशार हाय वो लेकरू. कॉलेजात हाय. परमनंट हाय!"

शिवपुत्रचा हात फोनपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. आई खोटं बोलते हे सांगायचं, तर ते चार माणसांसमोर सांगायचं, आणि तीही ऐकत असताना. "बरं आई," तो म्हणाला. "ठेवतो."

"देणंघेणं कायबी नगं म्हनावं," चन्नम्मा घाईघाईने म्हणाल्या. "नुसती पोरगी द्या म्हनावं."

फोन बंद झाला.

"जन्म देणारीच सांगायली," सिद्धप्पा म्हणाले. "तिच्यापेक्षा मोठा साक्षीदार कुठनं आणणार? नंदीश मोठा."

"त्यांना वाटलं स्थळ..." वैष्णवीने सुरुवात केली.

सिद्धप्पांनी तिच्याकडे पाहिलं. वैष्णवीने शिवपुत्रकडे पाहिलं, मग पंख्याकडे, आणि फासे नंदीशपुढे सरकवले.

नंदीशने ते ओंजळीत चांगले खुळखुळवले. टाकले ते बक्कळ पडले. बैल मेला. लाकूडतोड्याचं काय झालं ते वैष्णवीने एका वाक्यात सांगितलं. एरवी कोणाचं मरण ती चांगलं रंगवून सांगायची.

"वाईट झालं," सिद्धप्पा म्हणाले. "बस, चहा घेऊन जा."

"नको, उशीर होतोय," शिवपुत्र म्हणाला. त्याला कुठेही जायचं नव्हतं. उठल्यावर त्याने सवयीने खुर्ची टेबलाखाली सरकवली. जिन्यात त्याचा फोन वाजू लागला. मुलीकडचे काय म्हणाले हे विचारायला आईचाच असणार. तो खाली रस्त्यावर पोचेपर्यंत वाजत राहिला.

पुढच्या रविवारी बसवराज त्या खुर्चीत बसला. तासभर त्याने सगळं ऐकून घेतलं, भजी संपवली आणि विचारलं, "यात जिंकायचं कसं?"

कोणालाच सांगता आलं नाही. आता त्या खोलीत रमी चालते.