दाणा खालच्याकडे

मी एक जुना, भोकाभोकांचा पत्रा आहे. धान्य चाळण्याच्या यंत्रात वरच्या मजल्यावर माझे बिऱ्हाड आहे. मित्रांनो, मजला वरचा म्हणून मला भाग्यवान समजू नका.

मी आणि माझा धाकटा भाऊ एकाच मोठ्या पत्र्यातून कापलेले. कारखान्यात दणादण ठोके खाऊन माझ्या अंगावर गोल भोके पडली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दाट. भावाच्या वाट्याला बारीक, लांबट फटी आल्या. ठोके मीच जास्त सोसले, असे मला अजूनही वाटते.

यंत्र दोन जावांचे. थोरली वरून पोती ओतायची, धाकटी खाली स्वच्छ गहू भरून घ्यायची. गहू आधी माझ्यावर पडे. दाणा माझ्या भोकांतून खाली जाई आणि माझ्याकडे काय उरे? काड्या, ढेकळे, खडे, एकदा तर कुणाच्या तरी चपलेचा पट्टा. भावाच्या फटींतून मात्र नुसती धूळ आणि चुरा गळे. टपोरा दाणा त्याच्या अंगावरून मिरवत पोत्यात उतरे. गिऱ्हाईक वाकून त्याच्यावर हात फिरवी आणि गव्हाचे कौतुक करी. माझ्यावर कोण हात फिरवणार? माझ्या पोटात दुखे. कित्येक वर्षे मी त्याच्याशी धड बोललो नाही. एकदा तरी त्याच्या जागी बसावे, एवढीच माझी इच्छा होती.

ती पुरी झाली. आम्हाला धुऊन वाळवल्यावर धाकट्या जावेने घाईत आमची अदलाबदल केली. मी खाली, तो वर. मी छाती फुगवून दाण्याची वाट पाहू लागलो. गहू पडला तो त्याच्या अंगावर, आणि फटींतून जाईना म्हणून तिथेच राहिला. वरच्या तोंडातून कचऱ्याऐवजी गहूच भिंतीबाहेर पडू लागला. थोरलीच्या माहेरचा, पेरणीसाठी राखलेला गहू होता तो. शेजारच्या कोंबड्यांची चंगळ झाली. माझ्याकडे आली ती धूळ, आणि तीही माझ्यातून गळून गेली. जागा बदलली तरी दाणा त्याचाच. माझा नुसता तिळपापड झाला.

धाकटीने यंत्र बंद केले. पत्रे जुने झालेत, दोन्ही भंगारात देऊन टाकू, असे तिचे म्हणणे पडले. थोरलीने मात्र खालच्या धुळीत हात घातला. तिला त्यात अख्खे दाणे सापडले. मग तिने आम्हाला बाहेर काढून दारात उजेडासमोर धरले.

“हा गोल भोकांचा ठणठणीत आहे,” ती म्हणाली. “चूक बसवताना झालीय, अदलाबदल झाली. पण हा दुसरा गेला गं. दाणा घासून घासून फटी रुंदावल्यात. याला आता ठेवून उपयोग नाही.”

मित्रांनो, खोटे कशाला सांगू? मला आनंद झाला.

भंगारवाला येईपर्यंत आम्ही भिंतीला शेजारी शेजारी टेकून उभे होतो. भाऊ म्हणाला, “दादा, खडे तू वरच अडवलेस, म्हणून मी एवढा तरी टिकलो. नाहीतर पहिल्याच हंगामात फाटलो असतो.”

ज्या दाण्यापायी मी त्याच्यावर जळत होतो, त्याच दाण्याने त्याला झिजवले होते. भंगारवाल्याने त्याला पायाखाली दुमडले आणि हातगाडीवर टाकले.

आता माझ्याखाली नवा, चकचकीत पत्रा आहे. गिऱ्हाइके त्याच्यावर हात फिरवतात. मला त्याचाही हेवा वाटतो. सवय जात नाही. पण खडा आला की मी तो खाली जाऊ देत नाही.

मित्रांनो, काम झाले की आम्हाला ब्रशने झाडत जा, आमची भोके बुजू देऊ नका. आणि ज्याचे सगळे कौतुक करतात, त्याला अधूनमधून उजेडासमोर धरून पाहा. माझ्या भावावर हात फिरवणारे पुष्कळ होते. तो झिजतो आहे, हे कुणी पाहिले नाही. मी तर रोज त्याच्या डोक्यावरच होतो. मीही पाहिले नाही.