गालावरचं तेज

महादेवाची आन घेऊन सांगते, ह्यातला शबद न् शबद खरा हाय! एरवी म्या गप्पा हाणते, आज न्हाय.

सास्तुरात जगदेवीच्या दारात ही गर्दी! भूकंपानंतर बांधलेलं शिमिटाचं घर, कुठं फट न्हाय. तिची सून श्रीदेवी, दोन म्हैन्यांची बाळंतीण, तिला फेफरं यायचं. भुतं उतरवणारा निखारेबाबा म्हणला, "फेफरं कशाचं? बाहेरचं लागलंय!" तिला आतल्या खोलीत कोंडली, खिडकी शेणानं लिंपली, कोळशाची शेगडी आत ठेवली.

"बघा, धूर न्हाय! देवाचा अग्नी हाय!" म्हणत सोता बाहेर पंख्याखाली बसला.

तासाभरानं दार किलकिलं करून दावलं. श्रीदेवी निपचित, गाल लालबुंद.

"तेज चढलं!" बाबा गरजला.

समदे पाया पडले. म्याबी पडले. थू माझ्यावर!

दार परत लावलं. तेवढ्यात माझी नात शिवांजली कॉलेजातनं आली. ऐकलं अन् किंचाळली, "तेज न्हाय आजी, वीख हाय! फोडा दार!"

दार ढकलून तिला भाईर काढली, शेजारच्या खाजाभाईच्या जीपमधून दवाखान्यात नेली, ऑक्सिजन लावला. श्रीदेवीनं डोळे उघडले, लेकराला जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणतो कसा, "पोरीची श्रद्धा कमी पडली."

शिवांजलीनं मोबाइल काढला. कारखान्यात रसायनं झटपट बनवाया जे स्फटिक वापरत्यात, त्यावर एक्स-रे टाकून काढलेलं चित्र दावलं. "मधी धातू हाय. भवती सहा बाजूंनी कार्बन मोनॉक्साइड चिकटलाय. कोंडलेल्या कोळशातून हाच वायू निघतो. ना वास, ना धूर. आपल्या रक्तात लोखंड हाय, त्यालाबी असाच चिकटतो. मग प्राणवायूला जागा उरत न्हाय. रक्त लालभडक होतं, अन् माणूस आतून गुदमरतं."

"चार बुकं शिकलीस म्हणून देवाला शिकवतीस व्हय?"

माझं डोस्कं फिरलं. "बाबा, अग्नी देवाचा हाय न्हवं? मग बसा की आत!" तीच शेगडी पेटवून आत ठिवली, त्याला ढकलला अन् कडी घातली. शेगडी अजून धड फुललीबी न्हवती, तवर दारावर लाथा. "उघडा! मरंन म्या!"

जगदेवी लेकरू घेऊन उभी होती. हळू म्हणली, "म्हंजी तुला ठावं होतं रं, मुडद्या."

पोलिसानं नेला त्याला.

आता आन मोडते. एक गोष्ट म्या पदरची घातली. श्रीदेवीनं डोळे उघडले न्हाईत. लेकरू वाटीनं दूध पितंय.

फेफऱ्याला गोळ्या असत्यात, डॉक्टरकडं जावा. कोंडलेल्या खोलीत निखारा ठिवू नगा. कुणी ठिवलाच तर पाया पडू नगा, दार फोडा. माझं एवढं खोटं तुमच्या गावात तरी खरं होऊ द्या.