निकेशने गिरवलेला धडा

नवी गाडी घेतली की आपल्याला सगळं हवं असतं. हार हवा, नारळ हवा, चाकाखाली लिंबू हवं. नको असतो तो फक्त सीटबेल्टचा टुंग-टुंग आवाज! चंद्रपूरच्या एका शोरूममध्ये त्यावर फुकट इलाज मिळत असे. बेल्टच्या खाचेत एक छोटी क्लिप खुपसायची. गाडीला वाटतं बेल्ट लागला, आणि ती गप्प बसते.

गाड्या विकायला येणाऱ्या नव्या पोरापोरींना कय्यूमसर हे मन लावून शिकवत. म्हाताऱ्याला आधी पुढच्या सीटवर बसवा, लेकरांना नावाने हाक मारा आणि किल्लीसोबत क्लिप द्या. माणूस हाडाचा शिक्षक. निकेश त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. त्याने स्वतःच्या गाडीतही क्लिप लावली. मोहर्लीच्या जंगलात रानडुक्कर आडवं आलं, गाडी सागाच्या झाडावर आदळली, निकेश काचेतून बाहेर फेकला गेला आणि जागीच संपला. गाडी ओढून आणायला कय्यूमसरच गेले होते. क्लिप जागच्या जागी होती. त्यांनी ती काढून खिशात घातली आणि कोणाला काही सांगितलं नाही.

तेव्हापासून बंद गाड्यांतूनही त्यांना तो टुंग-टुंग आवाज येई. नमाजाला उभे राहिले तरी येई. वर्गात मागच्या खुर्चीवर निकेश दिसे, नेहमीसारखी मान डोलावत. तरी धडा चालूच राहिला, कारण गिऱ्हाईक खूश आणि मालकही खूश. अंगवळणी पडलेलं सहजी सुटत नाही.

या उन्हाळ्यात नव्या भरतीत निकेशची बहीण दिव्यानी आली. घरात कमावतं कोणी उरलं नव्हतं, म्हणून आई आशाबाईंनी स्वतः आणून सोडलं. तिला नोकरीत पक्कं करायचं की नाही, हे सरांच्या हातात होतं.

किल्ली देण्याचा सराव आला. सरांनी सांगण्याआधीच दिव्यानी बोलू लागली. निकेश घरी आरशासमोर सराव करायचा, तिला सगळं पाठ होतं.

"घ्या काकाजी, आमच्याकडून भेट. आता गाडी किरकिर नाई करणार."

शब्द सरांचे, लकब निकेशची! दिव्यानीने क्लिप टेबलावर ठेवली.

"सर, भाऊच्या गाडीत बी हेच होतं. तुमाले मालूम होतं ना?"

"होतं," सर म्हणाले. मग सवयीने पुटपुटले, की गिऱ्हाईकच मागतं, आपण नाही दिली तर बाजारातून आणतं.

"मागते म्हणून ब्रेक काढून देसान का? माही माय अजून म्हणते, डुकरानं मारलं. मले नोकरी पायजे सर, लय पायजे. पण हे मी कोणाच्या गाडीत नाई ठेवणार."

सरांनी क्लिपांचा डबा उचलला आणि सगळ्यांदेखत कचऱ्यात रिकामा केला. दिव्यानी पक्की झाली, असं त्यांनी त्याच पावली मालकाला कळवलं.

संध्याकाळी ते आशाबाईंकडे गेले आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. आशाबाईंनी शिव्या दिल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "माह्या पोरानं तुमचं सारंच आयकलं, भाऊ."

वाचकहो, आपण गाड्या विकत नसू, पण घरात, दुकानात, कचेरीत नव्या माणसाला काही ना काही शिकवतोच. 'चालतं, सगळेच करतात' हेही शिकवणंच असतं. ढ विद्यार्थी ते विसरतो आणि वाचतो. हुशार पोर ते जीव लावून गिरवतं. म्हणून जे आपल्या लेकराने करू नये असं वाटतं, ते दुसऱ्याच्या लेकराला कधीही शिकवू नये.