कापूस ऐकत नाही

कापूस रस्त्यावर धावला त्या सकाळी दगडखाणीच्या ट्रकवाल्याने इतका करकचून ब्रेक दाबला, की टायरचा जळका वास दुपारपर्यंत अंगणात रेंगाळत होता. कुत्र्याला ओरखडाही आला नाही. तो एका सायकलवाल्याच्या मागे पार वळणापर्यंत जाऊन, जीभ बाहेर काढून खुशाल परत आला. मास्तर मात्र रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसले, आणि त्यांना उठवायला त्यांच्या पत्नीला, काकूंना, शेजारच्या दोघांना हाका माराव्या लागल्या.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कापडगिरणीच्या विणकामखात्यात चौतीस वर्षं काढून ते मागांवरचे मास्तर म्हणून निवृत्त झाले होते. घर गिरणीच्या जुन्या वसाहतीतलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे तीन पायऱ्यांचा ओटा आणि तिथून रस्त्यापर्यंत ऐसपैस गवत. भिंत किंवा कुंपण घालायचं नाही, असा वसाहतीचा नियम. बांधून ठेवावं तर कापूस दोर चावून तोडायचा, आणि नाही तोडला तर मास्तर स्वतःच सोडायचे. "तीन वर्षांचं पोर ते, त्याला काय बांधून घालायचं," म्हणायचे.

त्या दिवशी मात्र काकूंनी झेंडेवालीला फोन केला.

झेंडेवाली हे नाव तिला लोकांनीच ठेवलं होतं. अंगणाच्या कडेने चार बोटं खोल तार पुरायची, ती भिंतीवरच्या पेटीला जोडायची आणि कुत्र्याच्या गळ्यात एक पट्टा घालायचा, हा तिचा धंदा. कुत्रा तारेजवळ गेला की पट्टा टीं-टीं वाजतो. तरी पुढे गेलाच, तर मानेला झटका बसतो. हद्द कळावी म्हणून ती तारेलगत दोन-दोन पावलांवर छोटे निळे झेंडे रोवायची. पंचेचाळिशीची, उंच, पायात गमबूट, बोलणं एक घाव दोन तुकडे. कुठल्याही पट्ट्याचा झटका ती आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघायची. "मला सोसवत नाही तो मी कुत्र्याला देत नाही," असं तिचं ठरलेलं वाक्य होतं. आणि दुसरं: "चार दिवसांत शिकला नाही असा कुत्रा अजून जन्माला यायचाय."

कापूस नावासारखाच पांढराशुभ्र, नाक गुलाबी, एक डोळा तपकिरी आणि एक निळा. पहिल्याच भेटीत त्याने तिच्या गमबुटावर हनुवटी टेकवली.

"माणसाळलेला आहे," ती म्हणाली. "सांगितलेलं ऐकतो का?"

"अहो बाई, एका इशाऱ्यावर!" काकू म्हणाल्या. त्यांनी तळहात खाली दाबला तशी कापसाने बैठक मारली. बोट फिरवलं तशी गिरकी घेतली. "घरातल्या मोठ्या माणसापेक्षा बरा आहे."

घरातलं मोठं माणूस खुर्चीत बसून मंद हसत होतं. मागांच्या खडखडाटात मास्तरांचे कान कधीच गेले होते. कानाचं यंत्र होतं, पण ते कपाटात. घातलं की नुसती खरखर ऐकू येते, अशी त्यांची तक्रार. त्यामुळे त्या घरात सगळा कारभार हातांनी चाले. जेवायला बोलवायचं तर काकू दिवा दोनदा लावून विझवायच्या. लक्ष वेधायचं तर जमिनीवर पाय आपटायच्या. हवेत पंचा हलवला की चहा झाला. तीन वर्षांपूर्वी मुठीएवढं पिल्लू घरात आलं, तेही याच भाषेत वाढलं.

पहिले तीन दिवस झटका बंद ठेवून शिकवणी झाली. झेंडेवाली कापसाला दोरीने झेंड्यांपर्यंत न्यायची, पट्टा टीं-टीं करायचा, ती गर्रकन वळून ओट्याकडे पळायची आणि कापूस तिच्या बरोबर. ओट्यापाशी उकडलेल्या अंड्याचा तुकडा. तिसऱ्या दिवशी तर दोरी ताणायच्या आधीच तो वळू लागला.

"हुशार आहे," ती काकूंना म्हणाली. "उद्या मोकळा सोडू."

दुसऱ्या दिवशी तिने झटका चालू केला, अगदी हलका, आणि दोरी सोडली. नेमका तोच सायकलवाला रस्त्याने आला. कापूस तीरासारखा सुटला. झेंड्यांपाशी पट्टा वाजू लागला. झेंडेवालीला तो ओट्यापाशीही ऐकू येत होता. कापूस थांबला नाही. पुढच्या क्षणी तो हवेत उडाला, किंचाळला आणि शेपूट पोटाशी घेऊन थेट पलंगाखाली शिरला.

"एकदा बसलाच तर बसू दे. त्यातूनच शिकतात," ती म्हणाली. पण आवाजात तितका जोर नव्हता.

कापूस संध्याकाळपर्यंत पलंगाखालून निघाला नाही. दुसऱ्या दिवशी ओट्यापर्यंत आला, पण गवतावर पाय ठेवेना. तिसऱ्या दिवशी झेंडेवाली बघायला आली, तेव्हाही तेच. शेवटी त्याने ओट्यावरच लघवी केली आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. इतक्या स्वच्छ जनावराला स्वतःचीच लाज वाटत होती. काकूंनी पाण्याची बादली आणली.

मास्तर खुर्चीतून उठले. त्यांनी कापसाच्या गळ्यातला पट्टा काढला आणि स्वतःच्या मनगटावर आवळला.

"काका, अहो, काय करताय?" झेंडेवाली मागे धावली. पण पाठमोऱ्या मास्तरांना हाक मारून काय उपयोग? ते अंगणातून सरळ झेंड्यांच्या दिशेने चालत गेले. पट्टा वाजू लागला. टीं-टीं, टीं-टीं. मास्तर त्याच चालीने पुढे गेले, एकदम हात झटकून "आई गं!" म्हणाले आणि जागच्या जागी उभे राहिले.

मग मागे वळून त्यांनी आपल्या खणखणीत आवाजात सुनावलं, "बाई, हा आधी काही सांगतच नाही. एकदम चावतो!"

"आधी वाजतो ना, काका!" तिने कानाकडे बोट करून सांगितलं. "वाजतो!"

"मला कुठे आलं ऐकू?"

झेंडेवालीने ओट्यावरच्या कुत्र्याकडे पाहिलं. तशीच आत जाऊन तिने स्वयंपाकघरातून पातेल्याचं झाकण आणलं, कापसाच्या मागे उभी राहिली आणि झाकण फरशीपासून दूर, हवेतच चमच्याने बडवलं. शेजारच्या घरातून कोणीतरी खिडकीत आलं. काकूंनी कानांवर हात ठेवले. कापूस भिंतीकडे बघत बसला होता, तसाच बसून राहिला.

झेंडेवाली झाकण खाली ठेवून पायरीवर टेकली. "पांढरा कुत्रा, निळा डोळा," ती म्हणाली. "अशी कितीतरी जनावरं जन्मापासून बहिरी असतात. अकरा वर्षं मी हेच करतेय. आणि मी साधी टाळी वाजवून बघितली नाही. तो माझ्याकडे बघून वळत होता, आवाजाने नाही. त्याला काय वाटलं असेल? गवतच चावलं त्याला."

काकूंना दुसरंच काही लागलं होतं. त्या पदराने डोळे टिपत होत्या आणि त्यांना हसूही येत होतं.

"अहो, तीन वर्षं मी याला सगळं सांगत आले हो! भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. बहिणीचं, भावजयीचं, पोटातलं, ओठातलं. म्हटलं, घरात एक तरी ऐकणारा आहे. इतका मन लावून बघायचा तोंडाकडे!"

मास्तरांना हातवारे करून सगळं समजावून सांगावं लागलं. कळलं तेव्हा ते गुडघ्यांवर हात ठेवत, कण्हत, कापसाशेजारी फरशीवर बसले. बराच वेळ त्यांनी त्याच्या कानांमागे खाजवलं. "तूसुद्धा का रे?" एवढंच म्हणाले.

झेंडेवाली दुसऱ्या दिवशी सकाळी आली तेव्हा तिच्या पिशवीत नवा पट्टा होता. वाजणारा नव्हे, थरथरणारा. त्यातले झटक्याचे दोन्ही खिळे तिने काढून टाकले होते. पण पट्टा तिने बाहेरच काढला नाही. "आधी त्याचं गवत त्याला परत द्यायचं," ती म्हणाली. "कसं, ते मला नक्की माहीत नाही."

ते मास्तरांना माहीत होतं. ते रोज सकाळी पहिल्या पायरीपासून हातभर अंतरावर गवतात जाऊन बसायचे, कापसाकडे पाठ करून. बोलावणं नाही, अंडं दाखवणं नाही. कंटाळा आला की डुलकी काढायचे. झेंडेवाली आणि काकू ओट्यावर बसून बघत राहायच्या, आणि नुसतं बघत बसणं काकूंच्या स्वभावात नसल्यामुळे त्या बोलायच्या. चौथ्या-पाचव्या दिवसापासून 'अहो बाई'चं 'अगं' झालं. सहाव्या दिवशी कापसाने पुढचा एक पाय गवतावर टेकवला आणि विस्तवावर पडल्यासारखा उचलून घेतला. आठव्या दिवशी दोन पाय. मध्ये एक दिवस दारावरून मोटारसायकल गेली, तिच्या धक्क्याने फरशी हादरली आणि तो पुन्हा पलंगाखाली गेला. सगळं पहिल्यापासून सुरू. अठराव्या दिवशी, मास्तर घोरत असताना, तो हळूच खाली उतरला, त्यांच्या पाठीला पाठ लावून गवतात बसला आणि दीर्घ उसासा टाकला.

काकूंनी झेंडेवालीचा हात घट्ट धरला. ती म्हणाली, "हलू नका. काकांना उठवूही नका."

पट्ट्याची ओळखही मास्तरांनीच करून दिली. पट्टा त्यांच्या मुठीत थरथरायचा, कापूस मुठीला नाक लावायचा, मूठ उघडली की अंडं. आठवडाभर नुसतं एवढंच. थरथर म्हणजे मास्तर, थरथर म्हणजे अंडं. नंतर पट्टा गळ्यात गेला. झेंड्यांपाशी थरथर झाली की कापूस गर्रकन मागे वळून मास्तरांना शोधायचा, आणि मास्तर दोन्ही मुठी छातीशी आपटून पंजे उघडायचे.

"ही कुठली खूण?" झेंडेवालीने विचारलं. तिने असली खूण कुठल्याच पुस्तकात पाहिली नव्हती.

"गिरणीतली." मास्तर तिच्या ओठांकडे बघत म्हणाले. "दोनशे माग चालू असले की शेजारच्याचं ओरडणं ऐकू येत नाही. धागा तुटला, माग थांबव, इकडे ये, सगळं हातांनी. ही 'माग थांबव आणि माझ्याकडे ये'." त्यांनी तिला आणखी वीस-पंचवीस खुणा शिकवल्या. 'साहेब आला' ही खूण दाखवताना ते स्वतःच इतके हसले, की काकूंनी आतून येऊन काय झालं म्हणून विचारलं.

दोन महिन्यांनी एका सकाळी तोच सायकलवाला आला. कापूस सुटला. झेंड्यांपासून दोन पावलांवर कापसाने चारही पाय रोवले, मान वळवली आणि मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी खूण केली. तो धावत येऊन त्यांच्या पोटावर आदळला, मास्तर गवतात उताणे पडले आणि कुत्रा त्यांचं तोंड चाटत राहिला.

"लागलं का हो?" काकू पाय आपटत ओरडल्या. मास्तरांनी नुसताच हात हलवला.

तार जमिनीत तशीच ठेवून झेंडे मग एकेक करून उपटले गेले; आधी एकाआड एक, नंतर कोपऱ्यातले. शेवटचा उपटून झाल्यावर झेंडेवाली गमबूट झटकत उभी राहिली. काकू म्हणाल्या, "म्हणजे आता तू यायची नाहीस."

"काम संपलं, काकू."

"कापसाचं संपलं गं. मावसबहिणीच्या लग्नाची गोष्ट अर्धीच राहिलीये ना."

म्हणून ती दर गुरुवारी यायला लागली. एका गुरुवारी ती आली तर ओट्यावर तिची खुर्ची अडवलेली होती. मास्तर काकूंच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसले होते, आणि काकू तोंड मोठ्ठं उघडून, एकेक शब्द तोडून काहीतरी सांगत होत्या.

"नवरदेव... पळून... गेला!"

"नवरदेव मळून गेला?"

"पळून!" काकूंनी दोन बोटं हवेत पळवली.

"अरेच्चा! मग?"

"मग काय? थांबा, सांगते ना."

गमबूट काढून झेंडेवाली खालच्या पायरीवर बसली. कापसाने येऊन तिच्या मांडीवर डोकं टेकलं. नवरदेवाचं पुढे काय झालं ते तिला माहीत होतं, तरी ती ऐकत बसली.