बोरखडीचा बंब

मित्रांनो, बोरखडीच्या नगरपंचायतीत कधी आलात, तर सभागृहाच्या खिडकीखाली लाल रंगाचा एक जुना आगीचा बंब उभा दिसेल. पुढच्या काचेला मधोमध तडा, एका बाजूचा आरसा गायब, दारावरची पिवळी अक्षरं अर्धी उडालेली. तोच मी. मला बोलता येत नाही, म्हणून माझ्यासमोर लोक काहीही बोलतात. सभागृहाच्या खिडक्याही बारा महिने उघड्या असतात. त्यामुळे या गावाचा कारभार मी जितका ऐकला, तितका क्वचितच कोणी ऐकला असेल. तो आज तुम्हाला सांगणार आहे. शांतपणे सांगायचं ठरवलं होतं, पण ते जमेल असं वाटत नाही.

माझा जन्म नागपूरच्या एका कारखान्यात झाला. ट्रकच्या सांगाड्यावर कारागिरांनी पाण्याची मोठी टाकी चढवली, मागे पंप बसवला, डोक्यावर शिडी बांधली आणि कडेच्या कप्प्यांत पाइपाची वेटोळी रचली. पहिल्यांदा पंप सुरू केला तेव्हा पाण्याची धार समोरच्या शेडच्या छपरावरून पलीकडे गेली. काम सोडून सगळे ती बघायला उभे राहिले. जिथे पाठवतील तिथे मी असाच उपयोगी पडेन, असं तेव्हा मला वाटलं होतं.

बोरखडीची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, त्याच साली मी इथे आलो. महागावच्या बाजूचं हे गाव. भोवती कापूस आणि सोयाबीन, आठवड्याला एक बाजार. गावाला लागूनच बंजारा तांडा आहे, तोही तेव्हाच नगरपंचायतीच्या हद्दीत घेतला गेला. हद्दीत आल्याबरोबर तांड्यातल्या घरांना कर लागला. नाल्या मात्र अजून झालेल्या नाहीत. माझा चालक धनसिंग त्याच तांड्यातला. कंत्राटावरचा माणूस, पण त्याने मला घरच्या जनावरासारखं सांभाळलं. रोज सकाळी तो टाकी काठोकाठ भरायचा, पंप थोडा वेळ फिरवून बघायचा, पाइप उन्हात पसरून वाळवायचा. जेवायला बसला तरी किल्ली त्याच्या खिशात असायची.

पहिल्याच उन्हाळ्यात जिनिंगच्या आवारातल्या कापसाच्या गंजीने पेट घेतला. कापसाची आग फसवी असते. वरून विझली तरी पोटात धुमसत राहते. धनसिंगने संध्याकाळपर्यंत गंजी उकरून उकरून पाणी मारलं आणि बाजूची सगळी गोदामं वाचली. नगराध्यक्ष वामनरावांनी त्याला भर सभेत शाल दिली, माझ्या बॉनेटवर हार घातला. दुसऱ्या दिवशी शाळेची मुलं मला बघायला आली आणि शिडीवर चढून बसली. तो दिवस आठवला की अजून बरं वाटतं.

पण आग काही रोज लागत नाही, आणि आग लागत नाही तोवर बंब म्हणजे फुकटचा टँकर, असं कोणाच्या तरी डोक्यात आलं. सुरुवातीला एका पाहुण्याच्या दौऱ्यासाठी रस्त्यावरची धूळ बसवायला मला नेलं. मग एका नगरसेवकाच्या नव्या स्लॅबवर पाणी मारायला. मग लग्नाच्या लॉनवर. एका रंगपंचमीला तर माझ्या टाकीत रंग कालवला आणि चौकात नाचणाऱ्यांवर त्याचे फवारे उडवले! तो रंग पंपाच्या जाळीत जाऊन बसला. पुढे किती तरी दिवस धनसिंग ती जाळी खरवडत होता. हे काम गाडीचं नाही, असं एकदा त्याने वामनरावांना हात जोडून सांगितलं. वामनराव मुळीच चिडले नाहीत. हसूनच म्हणाले, "धनसिंग, गाडी नगरपंचायतीची हाय, अन् नगरपंचायत आमची हाय. तू फक्त चाक फिरव."

मित्रांनो, त्या वाक्यात आमच्या गावचा सगळा कारभार आला.

हळूहळू माझा पंप गळू लागला. पाइपांना भोकं पडली. बॅटरी इतकी थकली की धक्का दिल्याशिवाय मी सुरू होईना. धनसिंगने तोंडी सांगितलं, अर्ज केले, साहेबांच्या दारात उभा राहिला. मग माझ्या दुरुस्तीचा विषय सभेपुढे आला. सभेत विषय कसे येतात ते मी खिडकीखालून ऐकलंय. ज्यात पुढाऱ्यांना गोडी, ते वर. ज्यात नाही, ते शेवटी. त्या दिवशी वरचा विषय होता गावाच्या वेशीवरच्या स्वागत कमानीचा. कमान कोणत्या रंगाची, तिच्यावर फोटो कोणाकोणाचे, कोणाचा मोठा आणि कोणाचा लहान, यावर अख्खी दुपार गेली. आवाज चढले, एकाने खुर्ची ढकलली, चहा आला, चहानंतर समेट झाला. माझा विषय निघाला तेव्हा निम्मे सदस्य चपला घालत होते. तांड्याच्या प्रभागाचे नगरसेवक हरिसिंग तेवढे उठून म्हणाले की गाडीचं काही तरी करायला पाहिजे. त्यांना सांगितलं गेलं, "बसा, पुढच्या सभेत घेऊ." ते बसले. विषय तहकूब झाला. तहकूब म्हणजे पुढे ढकललेला. त्याच्या पुढच्या सभेतही तो तहकूबच झाला.

मग चैत्रातली ती दुपार आली.

शाळेच्या मैदानावर नगराध्यक्ष चषकाचा अंतिम सामना होता. सकाळपासून माझी टाकी त्या मैदानाची धूळ बसवण्यात रिकामी होत होती. तळाशी थोडंसं पाणी उरलं तेव्हा धनसिंग म्हणाला की विहिरीवर जाऊन टाकी भरून आणतो. वामनरावांनी त्याला जाऊ दिलं नाही. बक्षीस समारंभाच्या आधी मंडपासमोर अजून एकदा पाणी मारायचं होतं. गाडी इथंच उभी राहू दे, असा हुकूम झाला. धनसिंग माझ्या सावलीत बसून राहिला. टाकीला हात लावून लावून बघत होता.

तेवढ्यात तांड्याच्या बाजूने धूर दिसला.

त्याने कोणालाही विचारलं नाही. खेळणाऱ्या पोरांनी मला धक्का दिला आणि आम्ही निघालो. वाऱ्याने विजेच्या तारा एकमेकींना घासल्या होत्या आणि ठिणगी खाली रचलेल्या पऱ्हाटीवर पडली होती. कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या त्या वाळक्या काड्या बघता बघता भडकल्या आणि शेजारच्या गोठ्याने पेट घेतला. गोठा जमनीचा होता. जमनी ही एकटी राहणारी, स्वतः शेत कसणारी म्हातारी. धनसिंग तिला काकी म्हणायचा. तिचे दोन बैल आत बांधलेले होते, एक तांबडा, एक पांढरा. त्यांचं हंबरणं दूरवर ऐकू येत होतं.

"धनसिंगा, दारावर पाणी मार. म्या आत जातो अन् दावं सोडतो," जमनी म्हणाली.

धनसिंगने पाइप ओढला, पंप चालू केला. भोकांतून गळत गळत धार जेमतेम दारापर्यंत पोचली आणि बसली. मग नुसती हवा आली. मित्रांनो, रिकामा पंप फिरतो तेव्हा एक कोरडा, किरकिरा आवाज होतो. तो तुमच्यापैकी कोणाला ऐकायची वेळ येऊ नये. ज्या कामासाठी मला घडवलं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि माझं पाणी मैदानावर वाळून गेलं होतं!

धनसिंगने पाइप टाकला. ओलं पोतं डोक्यावर घेऊन तो आत शिरला. पांढऱ्याचं दावं कापता आलं. पाठ भाजलेला तो बैल उधळत बाहेर आला. तांबड्यापर्यंत पोचण्याआधी छप्पर खाली आलं. लोकांनी धनसिंगला ओढून काढलं तेव्हा त्याच्या दोन्ही हातांची कातडी सोलली होती. मागून बादल्यांनी पाणी आलं, पण तांबड्याचं हंबरणं त्याआधीच थांबलं होतं. जमनी माझ्याकडे वळली. तिने खालचा दगड उचलला आणि माझ्या काचेवर मारला. तो तडा तिचाच आहे. तिच्यावर माझा मुळीच राग नाही.

चारच दिवसांत तातडीची सभा बोलावली. दुरुस्तीला ज्यांना सवड नव्हती, त्यांना यासाठी लगेच मिळाली. ठराव असा झाला की चालकाने टाकी भरलेली न ठेवल्यामुळे हानी झाली, म्हणून त्याला कामावरून कमी करण्यात यावं. मैदानाचं नाव कोणी काढलं नाही. चषकाचं नाव कोणी काढलं नाही. "मंजूर, मंजूर," एवढंच खिडकीतून ऐकू आलं. हरिसिंगांनीही हात वर केला होता. हे शिपायाने बाहेर येऊन सांगितलं. दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेला धनसिंग तेव्हा माझ्याच शेजारी उभा होता. त्याला किल्ली खिशातून काढता येईना, म्हणून शिपायाने हात घालून ती काढून घेतली.

बाजाराच्या दिवशी जमनी आवारात आली. धनसिंग राहिलेला पगार विचारायला येऊन बसला होता. तिने त्याचे हात बघितले. मग म्हणाली, "खरं सांग. त्या दिवशी पाणी कुठं गेलतं?"

"मैदानावर, काकी. म्या भराले जातो म्हटलं तं जाऊ नाही देल्लं."

"मंग सांगतलं काहून नाही कोणाले?"

"कोण आयकते माहं?"

जमनी माझ्याकडे वळली. माझ्या तडा गेलेल्या काचेवरून तिने एकदा हात फिरवला आणि निघून गेली.

पुढच्या सभेच्या दिवशी ती परत आली तेव्हा तांड्यातल्या बायका तिच्याबरोबर होत्या. घोषणा नाहीत, फलक नाहीत. त्या माझ्याभोवती उन्हात येऊन बसल्या. सभा रंगात आली तशी जमनी उठली आणि सभागृहाच्या दारात जाऊन उभी राहिली. शिपायाने अडवलं तर तिथेच थांबली, पण हटली नाही.

"भाऊ, आमी भांडाले नाही आलो," ती वामनरावांना म्हणाली. "तुमी ठरवलं का चूक धनसिंगाची हाय. मंग गाडी चांगलीच असन. आमच्यासमोर चालवून दाखवा."

वामनरावांनी सांगून पाहिलं की सभेत बाहेरच्यांना बोलता येत नाही. ती म्हणाली, म्हणूनच बाहेर या. मुख्याधिकारी साहेब बदलून आलेले, नवे होते. ते उठले. साहेब उठले म्हणून सगळ्यांना उठावं लागलं.

घंटागाडीच्या चालकाला माझ्या जागी बसवलं. मी सुरू होईना. बायकांनीच धक्का दिला. टाकी त्या दिवशी भरून ठेवली होती. तेवढी अक्कल पुढाऱ्यांना आली होती. आवारात पाइप पसरला, पंप चालू केला, आणि पाइपाच्या भोकाभोकांतून पाणी उडालं. पुढे उभ्या असलेल्या सदस्यांचे पांढरे कपडे भिजले. पाइपाच्या तोंडाशी आलेलं पाणी धरणाऱ्याच्याच पायावर पडलं. कोणीतरी हसलं. जमनी हसली नाही.

"इतल्या पाण्यानं माहा बैल वाचला असता का, तुमीच सांगा."

वामनराव म्हणाले की दुरुस्तीचा विषय पुढच्या सभेत घेतलेलाच आहे.

"सभा पुढं ढकलता येते, भाऊ," जमनी म्हणाली. "आग नाही ढकलता येत."

मग हरिसिंग सदस्यांमधून निघाले आणि बायकांच्या बाजूला येऊन उभे राहिले. मान खालीच होती. त्यांनी साहेबांना सांगितलं की धनसिंगला काढायच्या ठरावाला वर केलेला हात आपण मागे घेतो. टाकी मैदानावर कोणी रिकामी करवली हे इथे सगळ्यांना माहीत आहे, असंही म्हणाले. ते बोलल्यावर आणखी दोघं-तिघं पुढे आले. वामनराव आजूबाजूच्या लोकांनी चित्रीकरणासाठी वर धरलेल्या मोबाइलांकडे बघत राहिले.

त्याच दुपारी ठराव रद्द झाला. धनसिंग कामावर परत आला. माझा पंप उघडला गेला, पाइप नवे आले, बॅटरी बदलली.

पण सगळं चांगलं झालं असं समजू नका. सभेच्या इतिवृत्तात 'तांत्रिक बिघाड' असे दोनच शब्द लिहिलेत. टाकी कोणाच्या हुकमाने रिकामी झाली ते कुठेही लिहिलेलं नाही. तांबड्याची भरपाई अजून प्रक्रियेत आहे. कमान मात्र वेळेत उभी राहिली, तिच्यावर सगळ्यांचे फोटो आहेत. धनसिंगची बोटं पूर्ण मिटत नाहीत. चाक फिरवताना तो तळव्यांनी फिरवतो. जमनी पांढऱ्याला शेजाऱ्याच्या बैलाबरोबर जुंपते.

लग्नाच्या लॉनवरून अजूनही निरोप येतात. धनसिंग आता नाही म्हणतो, आणि नाही म्हणताना हात जोडत नाही.

दर बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी खाली ठेवून जमनी माझ्यापाशी थांबते. बोटांच्या पेरांनी टाकीवर ठोकते, खालपासून वरपर्यंत. भरलेली टाकी बद्द वाजते, रिकामी ठण्ण. ते ऐकलं की पिशवी उचलून ती तांड्याच्या वाटेला लागते.

मित्रांनो, तुमच्याही गावात असा एखादा बंब उभा असेल. तो गावाच्या पुढाऱ्यांचा नाही, तुमचा आहे. शाळेतून येता-जाता त्याच्या टाकीवर जरा ठोकून बघा. आणि ती ठण्ण वाजली, तर घरी जाऊ नका. सभागृहाच्या दारात जाऊन उभे राहा.