कठड्याच्या अलीकडे

"ऊना, डावीकडे! अगं डावीकडे, कठड्याला चिकटून!"

त्या रविवारी दुपारी हाल्मेयार्वीच्या बर्फावरच्या हॉकीच्या हॉलमध्ये निम्मं गाव लोटलं होतं. ढोल बडवले जात होते, भाजलेल्या सॉसेजचा वास छतापर्यंत भरला होता, आणि त्या सगळ्या गदारोळावर एकच आवाज चढला होता, तो तुइरेचा. प्रसंगच तसा होता. मोसमातला शेवटचा सामना, समोर रोवाकोस्कीच्या धिप्पाड पोरी. जिंकलं तर हाल्मेयार्वीच्या बायकांचा संघ वरच्या गटात राहणार, हरलं तर खाली घसरणार. आणि खाली घसरलेल्या संघाला कोण हो विचारतं? चांगल्या पोरी शहराची वाट धरतात, आणि उरलेल्या हळूहळू खेळच सोडतात.

तुइरे हापानिएमी म्हणजे गावाची लाडकी लेक. गोठलेल्या तळ्यावर, भावाच्या ढिल्या स्केट्समध्ये लोकरीचे मोजे कोंबून ती खेळायला शिकली. पुढे कितीतरी वर्षं सकाळी बालवाडीत पोरांची नाकं पुसायची आणि संध्याकाळी बर्फावर उतरायची, हाच तिचा नेम. देशाच्या संघातून खेळून कांस्यपदक घेऊन आली, तेव्हा बालवाडीतल्या प्रत्येक पोराने ते चावून पाहिलं होतं. मग गुडघ्याने दगा दिला. दोनदा कापाकापी झाली, आणि डॉक्टर म्हणाले, "तुइरे, म्हातारपणी चालायचं असेल तर आता पुरे." नाताळात आधीचा कोच दक्षिणेला निघून गेला आणि संघ तिच्या हाती आला. देवाने हातातली हॉकीची काठी घेतली आणि पदरात वीस पोरी घातल्या, असं तिची आई म्हणायची. पण देवाने घेतली तरी तुइरेने काठी सोडली कुठे होती! मनातल्या मनात ती अजून डाव्या बाजूलाच खेळत होती.

त्या डाव्या जागेवर आता ऊना होती. लहानखुरी, चपळ, कुणाला न घाबरणारी. तुइरे पूर्वी मैदानाभोवतीच्या कठड्याच्या कडेने वळसा घालून जायची आणि कोपऱ्यातून गोल मारायची. ऊनानेही तसंच करावं हा तिचा हट्ट. ऊना वळसा घालायला जायची, आणि दर वेळी चेंडूऐवजी असते ती रबराची काळी चकती मागेच राहून जायची.

दुसऱ्या विश्रांतीला गुण दोन-दोन होते. खेळाडूंच्या खोलीबाहेरच्या बोळात आई, सायमी, मासा भरलेली राय धान्याची भाकरी आणि कॉफीचा थर्मास घेऊन उभी होती. मधोमध भांग, काळा पोशाख, चेहऱ्यावर सदा हसू. आमच्याकडच्या भजनी मंडळींतली ती जुनी गाणारी.

"घसा बसला ना?" आईने विचारलं.

"बसू दे. ऐकतच नाहीत गं पोरी!"

"ऐकतात की. नको तितकं ऐकतात. चकती आली की आधी तुझ्या तोंडाकडे बघतात, मग चकतीकडे."

"आई, तुला हॉकीतलं काय कळतं?"

"हॉकीतलं नाही कळत. गाण्यातलं कळतं." सायमीने भाकरीचा तुकडा तिच्या हातात कोंबला. "आपल्या भजनाच्या बैठकीत काय करतो आपण? कुणीतरी बसल्या जागी सुरुवात करतं. चार जणांनी उचललं की सुरुवात करणारा आपला आवाज खाली घेतो. नाही घेतला, तर उरतो तो त्याचा एकट्याचा गळा. देव ऐकत असेल, पण शेजारी गायचे थांबतात."

"हे काय भजन आहे?" तुइरे फणकारली आणि भाकरी चावत आत गेली.

शेवटचा डाव म्हणजे नुसता वणवा. या टोकाकडून त्या टोकाकडे, क्षणाची उसंत नाही. हॉकीत तिघी-तिघी थकल्या की धावत्या खेळातच कठड्यावरून बाकावर येतात आणि ताज्या तिघी बर्फावर उड्या टाकतात. ऊना धापा टाकत बाकाकडे वळली. त्याच वेळी चकती रोवाकोस्कीच्या अर्ध्या मैदानात मोकळी सुटली. डावीकडे! कुणीच नव्हतं तिथे! तुइरेच्या अंगात वीज खेळली.

"बदल!" ती गरजली, कठड्यावर हात टेकला, दुखरा गुडघा अलगद वर घेतला, आणि पुढच्या क्षणी कोचबाई रविवारच्या काळ्या बुटांनिशी बर्फावर होत्या!

शिट्टी वाजली. ढोल थांबले. आणि मग सगळा हॉल असा काही हसत सुटला की विचारू नका.

पंच स्केट्सवरून सरकत जवळ आली. ती तुइरेसोबत पूर्वी देशाच्या संघात खेळलेली. ओठ दाबत म्हणाली, "तुइरे, बाई, मैदानात एक जास्त झाली गं. दोन मिनिटं शिक्षा."

"मला चुकून..."

"दिसलं मला. अख्ख्या गावाला दिसलं."

"कोच, निदान स्केट्स तरी घालायचेस!" कप्तान पिन्या ओरडली. बाकावरच्या पोरी हसून लोळायच्या बाकी होत्या. एक जण शिक्षेच्या बाकावर जाऊन बसली, कारण कोचची शिक्षा भोगायची ती खेळाडूनेच. आता हाल्मेयार्वीची एक पोर कमी, आणि सामना बरोबरीत.

तुइरे कशीबशी कठड्याच्या अलीकडे आली. कानशिलं तापली होती. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. आपल्या एका उडीने संघ बुडणार, अशी धास्ती तिला वाटली. "देवा, सांभाळ रे," एवढंच ती मनात म्हणाली.

आणि मग तिच्या कानावर काहीतरी नवीनच पडलं.

"मागे मी आहे, तू पुढे जा!"

"तिला सोड, तिला सोड, मी घेते!"

"शाब्बास गं, अडवली!"

पोरी आपापसात बोलत होत्या! नाताळापासून तिने त्यांचं असं बोलणं ऐकलंच नव्हतं, कारण तिच्या ओरडण्यात मध्ये जागाच नव्हती. चौघी चार भिंतींसारख्या सरकत होत्या, फटके अंगावर घेत होत्या. गोलरक्षकाने एक चकती तर मुखवट्यावर झेलली आणि "अजून येऊ दे!" म्हणाली. शिक्षा संपली. गुण अजून दोन-दोन.

शेवटचं मिनिट. रोवाकोस्कीच्या गोलसमोर पंच चकती टाकणार होती. पिन्याने कठड्याशी येऊन विचारलं, "कोच, काय करू या?"

तुइरेच्या जिभेवर उत्तर तयार होतं: ऊना डावीकडून, वळसा घालून. तिने ते गिळलं. कडू लागलं, पण गिळलं.

"ऊना," घोगऱ्या आवाजात ती म्हणाली, "तुला कुठे उभं राहावंसं वाटतं?"

ऊनाने डोळे मोठे केले. "मला? गोलरक्षकाच्या नाकासमोर. पण तिथे मार फार बसतो."

"चालेल ना तुला?"

"मला आवडतो!"

"मग जा, उभी राहा."

चकती पडली. काठ्या एकमेकींवर आपटल्या. तुइरेने दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला. मागून ऐनीचा फटका आला, गोलरक्षकाच्या पायावर आपटून उडाला, आणि तिथे, नाकासमोर, दोन धिप्पाड पोरींच्या मध्ये चेपलेल्या ऊनाने गुडघ्यावर पडता पडता काठीचं टोक पुढे केलं. चकती रेषेपलीकडे रांगत गेली. कुरूप, वेडावाकडा, सुंदर गोल!

छत उडायचंच बाकी राहिलं. उरलेले क्षण पोरींनी अंगाच्या ढाली करून काढले, भोंगा वाजला, हातमोजे हवेत उडाले. वरच्या गटात! ऊना लाल तोंडाने कठड्यावर येऊन आदळली.

"कोच! पाहिलास गोल?"

"पाहिला. पिन्याने ती उंच पोर तुझ्यापासून ओढून नेली, ते दिसलं तुला?"

"नाही! कधी?"

"आणि मागून ऐनीने फटका मुद्दाम खाली ठेवला, तुला लागू नये म्हणून."

"नाही गं! खरंच?"

तुइरे हसत होती, रडत होती. एवढे गोल मारले होते आयुष्यात, पण सगळ्या जणी मिळून केलेला एक आख्खा गोल तिने आजच पाहिला होता.

"ये इकडे," ती म्हणाली, "सगळा सांगते."